तजरीश ते तख्त-ए-जमशीद: इराणच्या कोसळलेल्या सिंहासनाच्या वाटेने

इराणला जायचे ठरले तेव्हा सुट्ट्या आणि विमानभाडे यांच्याबरोबर आम्ही मोहरमचेही पंचांग पाहिले. २०१८ साली तिथे आशुरा, म्हणजे इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा दिवस, २० सप्टेंबरला झाला आणि त्याचा चाळिसावा ऑक्टोबरच्या अगदी अखेरीस येणार होता. मी आणि माझी नणंद या दोन तिथींच्या मधोमध तेहरानला पोहोचलो, आणि ते मुद्दाम. पहलवी घराण्याची राजवट १९७८ मध्ये ज्या गतीने खाली आली ती गती याच चाळीस दिवसांच्या सुतकाची होती. त्याआधी दोनच वर्षे, १९७६ मध्ये, इराणचे शेवटचे राजे महंमद रझा शहा यांनी देशाचे पंचांगच बदलले होते. हिजरी सौर १३५५ साल एका फर्मानाने सायरस राजापासून मोजलेले शाही २५३५ झाले. लोकांचा रोष वाढल्यावर १९७८ मध्ये तो शक मागे घ्यावा लागला. राजाने अडीच हजार वर्षांचा हिशेब मांडला, मशिदीने चाळीस दिवसांचा, आणि राज्य मशिदीच्या हिशेबाने गेले. ही गोष्ट जिथे जिथे घडली ती ठिकाणे पाहावीत एवढाच प्रवासाचा बेत होता. इस्फहान त्यामुळे वगळले. त्याच्या घुमटांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे.

शनिवार: तेहरानचे उत्तर टोक

तेहरान उतारावर वसले आहे. वर उत्तरेला अल्बोर्झ पर्वताच्या पायथ्याशी गारवा, चिनार आणि राजवाडे. खाली दक्षिणेला उष्मा, बाजार, गोदामे आणि कबरस्तान. मेट्रोचा पहिला मार्ग हा सगळा उतार उत्तर टोकाच्या तजरीशपासून थेट क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनी यांच्या समाधीपर्यंत पार करतो, आणि आमचे तेहरानमधले बहुतेक सारे पाहणे या एकाच तांबड्या रेघेवर झाले. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी टॅक्सीच्या भानगडीत न पडता हाच मार्ग धरावा. गाडीच्या टोकांचे डबे बायकांसाठी राखीव असतात आणि त्यांत स्कार्फ, मोजे, लिपस्टिक विकणाऱ्या फेरीवाल्या अखंड फिरत असतात.

सादाबादच्या उद्यानात अनेक वाडे आहेत आणि प्रत्येकाचे तिकीट फाटकावरच वेगवेगळे घ्यावे लागते. सगळी तिकिटे घेऊ नयेत. पांढरा वाडा आणि हिरवा वाडा पुरेत. पण इथली सर्वांत बोलकी वस्तू तिकिटाशिवाय दिसते. पांढऱ्या वाड्याच्या पायऱ्यांपाशी ब्राँझचे दोन प्रचंड बूट उभे आहेत. ते रझा शहांच्या पुतळ्याचे. १९७९ च्या क्रांतीनंतर वरचा पुतळा कापून नेला आणि बूट राहिले. कापल्याची कड आजही ओबडधोबड आहे. एक शाळकरी मुलगा बुटाला टेकून स्वतःची उंची मोजत होता, त्याची आई फोटो काढत होती, आणि पहारेकऱ्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

रझा शहा म्हणजे मूळचे रझा खान, कोसॅक नावाच्या लष्करी दलातले अधिकारी; महंमद रझा शहांचे वडील. १९२१ च्या बंडात ते पुढे आले, १९२५ मध्ये कजार घराणे संपवून स्वतः शहा झाले. रेल्वे, न्यायालये, शाळा, सक्तीची लष्करभरती हे सगळे त्यांच्या काळात आले, आणि १९३६ मध्ये बायकांच्या डोक्यावरची चादर पोलिसांकरवी उतरवण्याचा हुकूमही. १९४१ मध्ये ब्रिटिश आणि रशियन फौजा देशात शिरल्या, तेव्हा त्यांना मुलाच्या हाती गादी सोपवून निघावे लागले. ‘बांद्रा’ नावाच्या बोटीने ते मुंबईकडे आले, पण इंग्रजांनी त्यांना किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिले नाही. मुंबईच्या समुद्रातच दुसऱ्या बोटीवर चढवून त्यांची रवानगी मॉरिशसला झाली. १९४४ मध्ये जोहान्सबर्गला ते वारले.

दुपारनंतर नियावरानला गेलो. हे महंमद रझा शहांचे शेवटचे घर. वाडा मुळीच अवाढव्य नाही. छताचा मधला भाग सरकवून आकाश उघडता येते, हीच काय ती चैन नजरेत भरते. १९७७ च्या वर्षअखेरीच्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी या वाड्यातल्या मेजवानीत इराण म्हणजे स्थैर्याचे बेट आहे असे म्हटले होते. पुरते दहा दिवस उलटायच्या आत कोममध्ये गोळीबार झाला, आणि १६ जानेवारी १९७९ ला शहा आणि राणी फराह यांनी हे घर कायमचे सोडले.

तिथून थोड्याच अंतरावर जमारान आहे. १९८० पासून अखेरपर्यंत खोमेनी तिथे राहिले. अरुंद बोळ, लहानसे घर, शेजारच्या सभागृहात उंच सज्जावर पांढऱ्या कापडाने झाकलेली साधी खुर्ची. दोन्ही घरे एकाच दुपारी पाहिली पाहिजेत. खुर्चीचा साधेपणा अगदी खरा आहे; पण तिच्यावर बसणाऱ्याची सत्ता नियावरानच्या मालकाहून तिळभरही कमी नव्हती, हे ध्यानात ठेवून ती पाहावी असे मला वाटते.

रविवार: बाजार, तख्त आणि तुरुंग

पांजदाह-ए-खोर्दाद या मेट्रो स्थानकाच्या नावातच तारीख आहे: १५ खोर्दाद, म्हणजे ५ जून १९६३. शहांच्या ‘श्वेत क्रांती’ या सुधारणांच्या कार्यक्रमावर आणि अमेरिकेवरच्या अवलंबनावर कोममध्ये जळजळीत भाषण केल्याबद्दल खोमेनींना त्या पहाटे अटक झाली आणि याच बाजारातून निषेधाचे लोंढे निघाले. पुढच्या वर्षी अमेरिकी लष्करी माणसांना इराणी कायद्यातून सूट देण्याच्या निर्णयावर ते पुन्हा बोलले, तेव्हा नोव्हेंबर १९६४ मध्ये त्यांना हद्दपार केले गेले. आधी तुर्कस्तान, मग इराकमधले नजफ, आणि अगदी शेवटी काही महिने पॅरिसजवळचे एक खेडे.

बाजारात शिरलो की मशीद आणि दुकान यांचे नाते डोळ्यांना दिसते. गल्लीच्या वळणावर मशिदीचे दार, दारालगत दुकान, दुकानाच्या गल्ल्यामागे मोहरमचा काळा झेंडा. धर्मादायाचा पैसा इथूनच मौलवींकडे जात असे, सरकारच्या तिजोरीला वळसा घालून. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले, देशात पैसा ओतला गेला, महागाई भडकली. तेव्हा शहांनी दोष नफेखोरांवर ढकलला आणि हजारो दुकानदारांना दंड केला, तुरुंगात टाकले. विद्यार्थी आणि विचारवंत आधीपासून विरोधात होतेच, या मोहिमेने शांतपणे धंदा करणारा माणूसही शत्रू करून ठेवला. बाजाराने शटर ओढले की तेहरानला धडकी भरते, हे आजही खरे आहे. २०१८ च्या जून महिन्यात रियाल या चलनाचा भाव कोसळल्यावर बाजार बंद झाला होता. आम्ही गेलो त्या आठवड्यात तर दुकानदार सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी द्यायला तयार नव्हते.

पैशांचे इथेच सांगून टाकते. आम्ही गेलो तेव्हा भारतीय किंवा कुठलेही परदेशी कार्ड इराणमध्ये चालत नव्हते, त्यामुळे पूर्ण प्रवासाची रक्कम डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये रोख न्यावी. नोटांवर रियाल छापलेले असते आणि लोक तुमानमध्ये बोलतात, एक तुमान म्हणजे दहा रियाल. किंमत कागदावर लिहून घ्यावी. आम्ही गेलो तेव्हा फेसबुक बंद होते, टेलिग्रामही त्याच वर्षी, २०१८ मध्ये, बंद झाले होते, व्हॉट्सॲप चालत होते.

बाजाराला लागूनच गोलेस्तान वाडा आहे. गादीवर बसल्यावर तब्बल २६ वर्षांनी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, महंमद रझा शहांनी इथे स्वतःच्या हाताने मुकुट चढवला. तो मुकुट आता मध्यवर्ती बँकेच्या तळघरातल्या जवाहीरखान्यात आहे, नादिरशहाने दिल्लीहून नेलेल्या दर्या-ए-नूर हिऱ्याच्या सोबतीला. जवाहीरखाना आठवड्यातले मोजके दिवस आणि तेही दुपारी काही तासच उघडतो, तेव्हा तेहरानचा कार्यक्रम त्याच्याभोवती आखावा. आत मोबाइल नेता येत नाही.

संध्याकाळी एब्रत संग्रहालय पाहिले आणि नंतर जेवण गेले नाही. गोल आकाराची, मधे चौक असलेली ही इमारत सावाक या गुप्त पोलिसांच्या काळात राजकीय कैद्यांच्या चौकशीचे ठिकाण होती. कोठड्यांमध्ये मेणाचे पुतळे मांडले आहेत, ध्वनिमुद्रित किंकाळ्या ऐकू येतात, आणि वाटाडे म्हणून काम करणारी माणसे कधीकाळी इथेच कैदी होती. आमच्या वाटाड्याने आपली कोठडी दाखवली; त्याचा आवाज सपाट होता, रोज तेच सांगणाऱ्याचा असतो तसा. भिंतीवरच्या शेकडो छायाचित्रांत मौलवी आहेत, कम्युनिस्ट आहेत, विद्यार्थिनी आहेत. क्रांतीनंतर याच इमारतीत तौहीद नावाचा तुरुंग चालू राहिला आणि तो २००० साली बंद झाला, हा भाग मात्र संग्रहालयाने सोयीने गाळला आहे.

परतीच्या वाटेवर इन्किलाब रस्त्यावरून चालत गेलो. डिसेंबर २०१७ मध्ये एका तरुणीने हिजाबच्या सक्तीविरुद्ध याच रस्त्यावरच्या विजेच्या पेटीवर उभे राहून डोक्यावरचा पांढरा रुमाल काठीला बांधून फडकवला, मग इतरही मुलींनी तेच केले. आम्ही गेलो तेव्हा काही पेट्यांवर उतरते पत्रे बसवले होते, वर कोणाला उभे राहता येऊ नये म्हणून.

सोमवार: रे आणि बहिश्त-ए-जहरा

मेट्रोने खाली उतरत गेलो तसतसा डबा बदलत गेला. तजरीशला मागे सरकलेले रंगीत स्कार्फ होते. शहर-ए-रे येईपर्यंत बहुतेक जणी काळ्या चादरीत होत्या. नणंद म्हणाली, “वहिनी, आपणच काय त्या रंगीत उरलो.” शेजारच्या बाईने तिला जागा करून दिली आणि पर्समधून खजूर काढून दोघींच्या हातावर ठेवले.

रे हे तेहरानच्या कितीतरी आधीचे शहर. शहा अब्दुल अजीम यांच्या दर्ग्यात १८९६ मध्ये नासिरुद्दीन शहा कजार यांची हत्या झाली होती, आणि याच दर्ग्याजवळ १९५० मध्ये रझा शहांचे अवशेष परदेशातून आणून मोठी समाधी बांधली गेली. १९८० मध्ये क्रांतिकारी न्यायाधीश सादिक खलखाली यांनी ती पाडायला घेतली. बांधकाम इतके भक्कम की कित्येक दिवस यंत्रे चालली, आणि मृतदेह काही सापडला नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये दर्ग्याच्या परिसरात खोदकाम चालू असताना मजुरांना मसाला भरून जपलेले एक प्रेत सापडले आणि देशभर चर्चा पेटली: हेच ते असावेत. अधिकाऱ्यांनी विषय लवकर मिटवला. दर्ग्याच्या अंगणात मी आजूबाजूला पुष्कळ पाहिले. समाधीची एक वीटही कुठे ओळखू येत नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात महागाईविरुद्ध निघालेल्या मोर्च्यांत काही शहरांमध्ये ‘रझा शहा, तुझ्या आत्म्याला शांती लाभो’ अशा घोषणा ऐकू आल्या होत्या, हे लक्षात घेतले तर अधिकाऱ्यांची घाई समजते.

बाहेर रस्त्यावर एका मंडपात शोले जर्द वाटत होते. मोहरम आणि सफर या महिन्यांत नवसाचे अन्न रस्त्यावर कोणालाही देतात, धर्म विचारत नाहीत. केशर घातलेला मऊ, गोड भात, आपल्या केशरीभाताची खीर केली तर होईल तसा; वरती दालचिनीच्या पुडीने ‘या हुसेन’ अशी अक्षरे काढलेली. वाटणारा पोरगा अक्षर न मोडता पळीभर कसे काढता येईल याची फार काळजी घेत होता.

बहिश्त-ए-जहरा हे अफाट कबरस्तान आहे आणि आत गाडीशिवाय फिरणे अशक्य. आम्हाला १७ क्रमांकाचा विभाग पाहायचा होता. १ फेब्रुवारी १९७९ ला चौदा वर्षांहून अधिक काळानंतर खोमेनी एअर फ्रान्सच्या विमानाने परतले ते विमानतळावरून थेट इथे आले, कारण आंदोलनात मारले गेलेले लोक इथे पुरले होते. गर्दीत मोटार अडकली तेव्हा उरलेले अंतर हेलिकॉप्टरने पार करावे लागले. शहांनी जाताना नेमलेले पंतप्रधान शापूर बख्तियार तेव्हा सत्तेवर होते, आणि या सरकारच्या थोबाडीत मारीन, सरकार मी नेमीन, असे खोमेनींनी इथे जाहीर केले. दहा दिवसांत हवाई दलाचे तंत्रज्ञ फुटले, शस्त्रागारे लुटली गेली, आणि ११ फेब्रुवारीला लष्कराने आपण तटस्थ असल्याचे कळवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला ४० वर्षे झाली. विभागातल्या कबरी जमिनीसपाट आहेत; काचेच्या लहान पेट्यांमध्ये छायाचित्रे, बहुतेक विशीतली पोरे. आम्ही होतो तेवढ्या वेळात तिथे दुसरे कोणीच आले नाही. पलीकडे खोमेनींच्या सोनेरी घुमटाखाली मात्र सहली उतरत होत्या, मुले गुळगुळीत फरशीवर घसरगुंडी खेळत होती.

मंगळवार: कोम

कोम तेहरानच्या दक्षिणेला दीडशे किलोमीटरच्या आत आहे. टॅक्सी सकाळी ठरवून संध्याकाळी परत येता येते. फातिमा मासूमे यांच्या दर्ग्याच्या दारात बायकांना चादर देतात आणि परदेशी पाहुण्यांना आत नेण्यासाठी इंग्रजी बोलणारा वाटाडा सोबत येतो. आमच्याबरोबर तरुण मौलवी होते, अतिशय अदबशीर, आणि भारताविषयी त्यांचे कुतूहल संपेना. खोमेनींचे आजोबा बाराबंकीजवळच्या किंतूर गावचे, हे आम्ही सांगायच्या आधी त्यांनीच सांगितले.

त्या आजोबांमुळे तर क्रांतीची ठिणगी पडली. ७ जानेवारी १९७८ ला ‘एतेलाआत’ या दैनिकात टोपणनावाने एक लेख आला. त्यात खोमेनींना परक्या मुळाचा, इंग्रजांच्या फायद्याचा माणूस ठरवले होते, ‘हिंदी’ म्हणून हिणवले होते. चादर उतरवण्याच्या हुकुमाचा तो वर्धापनदिन होता. ९ जानेवारीला दर्ग्यालगतच्या फैजिया मदरशाचे विद्यार्थी आणि गावकरी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या. शिया रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, तबरीझमध्ये मृतांचा शोक झाला, तिथे माणसे मेली. त्यांचा चाळिसावा मार्चअखेरीस येझ्दमध्ये पाळला गेला, तिथेही माणसे मेली. शहांच्या फौजेकडे रणगाडे होते, पण जमाव पांगवण्याची साधने आणि सराव नव्हता. गोळीबार करावा तर पुढच्या तिथीचे आमंत्रण आपोआप निघे, न करावा तर भीती ओसरे. पक्ष बंद करता येतात. १९७५ मध्ये शहांनी सगळे मोडून एकच सरकारी ‘रस्ताखीज’ पक्ष ठेवला होता. सुतक बंद कसे करणार?

फैजियाच्या चौकात आम्हाला काही मिनिटेच थांबू दिले. हौद, भोवती दुमजली खोल्या, दारांबाहेर काढलेल्या चपला. मी मौलवींना आयातुल्ला मोंतजेरींविषयी विचारले: खोमेनींचे ठरलेले वारस, पण कैद्यांच्या फाशीला विरोध केल्याने १९८९ मध्ये दूर सारले गेले आणि २००९ मध्ये याच गावी वारले. मौलवी क्षणभर थांबून म्हणाले, “ते फार मोठे विद्वान होते,” आणि आम्हाला पुढच्या दालनाकडे घेऊन गेले. कोममध्ये सगळे मौलवी एका मताचे कधीच नव्हते; मौलवींनी स्वतः राज्य करावे हा खोमेनींनी १९७० मध्ये नजफच्या व्याख्यानांत मांडलेला विचार तेव्हाही अनेक थोर आयातुल्लांना मान्य नव्हता.

इथून सोहान घ्यावे. केशर, तूप आणि पिस्त्यांची ही कडक वडी पत्र्याच्या गोल डब्यात मिळते, मुंबईपर्यंत शाबूत राहते. दुकानदार आधी चव देतात, त्यामुळे चार दुकाने फिरायला हरकत नाही.

रात्रीची गाडी आणि येझ्द

तेहरान ते येझ्द रात्रीच्या गाडीत बायकांचा डबा मागून घेता येतो. चार शय्यांच्या डब्यात आमच्यासोबत एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांची भाची होती. फ्लास्कमधला चहा, दातांत धरायची खडीसाखर, सोललेली डाळिंबे, असे सगळे मधल्या फळीवर मांडले गेले आणि बोलणे भाचीच्या इंग्रजीतून चालले. खानूम, म्हणजे त्या शिक्षिकाबाई, डिसेंबर १९७८ मध्ये तेहरानला शिकत होत्या. आशुऱ्याच्या दोन दिवसांत शहयाद मनोऱ्याकडे निघालेल्या प्रचंड मोर्च्यात त्या होत्या. मनोरा शहांनी बांधला, आज त्याला आझादी म्हणतात. घरी कधी न पांघरलेली चादर त्यांनी त्या दिवशी मैत्रिणीकडून मागून घेतली होती, शहांना चिडवायला.

“तुम्हाला खोमेनींचे राज्य हवे होते?” मी विचारले.

“मला मोसद्देग हवे होते,” त्या म्हणाल्या. “पण मोसद्देगची कॅसेट कोणी वाटत नव्हते.”

१९५३ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोसद्देग अमेरिका आणि ब्रिटनच्या मदतीने उलथवले गेले, शहा पुन्हा पक्के झाले, आणि त्यानंतरच्या २५ वर्षांत खानूमसारख्यांना जमायला जागाच उरली नाही. मशिदीत मात्र सभा होई, खोमेनींच्या भाषणांच्या ध्वनिफिती तिथून घरोघर जात. सगळ्यांनी तीच पायरी वापरली, उदारमतवाद्यांनी, कम्युनिस्टांनी, मुजाहिदीन या डाव्या इस्लामी गटाने, प्रत्येकाने मनात वेगळेच काही धरून. ८ मार्च १९७९ ला हिजाबच्या सक्तीविरुद्ध बायका तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या, त्यातही खानूम होत्या. आणि महिनाअखेरीच्या सार्वमतात इस्लामी प्रजासत्ताकाला ‘हो’ म्हणणाऱ्यांतही. कारण विचारले तर त्या हसल्या आणि डाळिंबाची वाटी पुढे केली. भाची मात्र चिडली: “हिला दरवेळी विचारते, अजून उत्तर दिलेले नाही.”

येझ्द माझ्या नणंदेचा हट्ट होता. पुण्याच्या कॅम्पात वाढलेल्या माणसाला बन-मस्का आणि पाणीकम चहा देणारे इराणी कुठून आले हे पाहायचे होते. ते आले याच मातकट, वाऱ्याचे मनोरे असलेल्या शहराच्या आणि कर्मानच्या आसपासच्या गावांतून, दुष्काळ आणि छळाला कंटाळून. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इथल्या जरथुष्ट्रींच्या मदतीला पाठवले आणि त्यांच्या खटपटीने १८८२ मध्ये जिझिया उठला. येझ्दचे आजचे अग्निमंदिरही १९३४ मध्ये भारतातल्या पारशांच्या पैशाने उभे राहिले. काचेपलीकडचा अग्नी सुमारे १,५०० वर्षे तेवत असल्याचे सांगतात; परधर्मीयांना तो काचेतूनच पाहता येतो, मुंबईत तर अग्यारीच्या दारातही शिरता येत नाही.

इस्लामी प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेने जरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती यांना मान्यता दिली, संसदेत राखीव जागा दिल्या; बहाई पंथाच्या लोकांना काहीच दिले नाही. मान्यतेचीही कसोटी येझ्दमध्येच लागली. इथल्या नगर परिषदेवर निवडून आलेले जरथुष्ट्री सभासद सेपंता निकनाम यांना २०१७ मध्ये धर्माच्या कारणावरून निलंबित केले होते, आणि बरीच ओरड झाल्यावर जुलै २०१८ मध्ये त्यांना पुन्हा जागेवर बसवले. अग्निमंदिराबाहेर पिस्ते विकणाऱ्या गृहस्थाने ही बातमी आम्हाला मोठ्या समाधानाने सांगितली; मुसलमान शेजाऱ्यांनीच त्यांना मते दिली होती, हे त्याने दोनदा सांगितले.

संध्याकाळी अमीर चखमाक चौकात पानाच्या आकाराचा, दुमजली घराएवढा लाकडी नखल पाहिला. आशुऱ्याला असे नखल काळ्या कापडाने मढवून हुसेनचा जनाजा म्हणून शेकडो लोक उचलतात; हा जुना आता जागेवरच असतो. हिवाळी वारा सुटला होता. कोपऱ्यावरचे आश-ए-रेश्ते, म्हणजे शेवया, पालेभाजी आणि कडधान्याचे दाट कढण, दोन वाट्या प्यायलो. शाकाहारी लोकांनी याच्यावर आणि कश्क-ए-बादमजान या वांग्याच्या भरतावर भिस्त ठेवावी. आशमध्ये मटणाचा रस्सा नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

शनिवार: शिराझचा रस्ता

येझ्दहून शिराझला गाडी करून जावे. अबरकूहचा हजारो वर्षांचा सुरूचा वृक्ष, पासारगाद आणि तख्त-ए-जमशीद, म्हणजे पर्सेपोलिस, एका दिवसात वाटेवर होतात. पहाटे सहाला निघायला हवे.

पासारगादला सपाट माळावर सायरसची दगडी कबर आहे, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर लहानशी खोली. ऑक्टोबर १९७१ मध्ये, ‘सायरस, तू सुखाने झोप, आम्ही जागे आहोत’ असे महंमद रझा शहांनी इथे उभे राहून म्हटले आणि साम्राज्याच्या २,५०० व्या वर्षाचा सोहळा सुरू झाला. आमच्या चालकाने कबरीपेक्षा रस्त्याविषयी जास्त सांगितले. २९ ऑक्टोबर हा सायरसचा दिवस म्हणून लोक पाळू लागले आहेत, २०१६ मध्ये हजारोंची गर्दी इथे जमून घोषणा झाल्या, आणि २०१७ मध्ये त्या सुमारास रस्ते अडवले. त्या तारखेच्या आसपास इकडचा बेत करू नये. दुपारच्या वेळी तिथे आठ-दहा माणसे होती, बहुतेक तरुण जोडपी, आणि त्यांतल्या तिघांच्या गळ्यात फरोहर या पंखवाल्या जरथुष्ट्री चिन्हाचे लॉकेट. त्यांतले कोणी जरथुष्ट्री नव्हते.

तख्त-ए-जमशीदचे खांब, जिना आणि भेटी घेऊन येणाऱ्या मांडलिकांची शिल्पे यांविषयी कुठलेही मार्गदर्शक पुस्तक माझ्यापेक्षा चांगले सांगेल. तिथल्या मिरवणुकीत उंटापासून घागरींपर्यंत सगळे आहे आणि हिंदुस्थानी लोकांचा ताफाही ओळखता येतो. आम्ही ऊन कलल्यावर उतरून बाहेरच्या झाडीत गेलो. तिथे १९७१ च्या तंबूंचे लोखंडी सांगाडे उभे आहेत. पॅरिसच्या सजावटकारांनी ताऱ्याच्या आकारात पन्नासेक तंबू उभारले, तिथल्याच मॅक्सिम्स या उपाहारगृहाने जेवण केले, आणि ताटात इराणचे म्हणावे असे बहुतेक फक्त कॅव्हिअर, म्हणजे माशाची अंडी, होते. राजे, राष्ट्राध्यक्ष, इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी आले. आपले राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरीही होते. इराणी जनता पाहुण्यांत नव्हती, आणि नजफहून खोमेनींनी या उधळपट्टीचा जाहीर धिक्कार केला. शहांचे सिंहासन पडायला त्यानंतर आठ वर्षेही लागली नाहीत. क्रांतीनंतर खलखाली तख्त-ए-जमशीदही बुलडोझरने सपाट करायला निघाले होते आणि स्थानिक लोकांनी ते होऊ दिले नाही, असे शिराझमध्ये सगळे सांगतात.

सांगाड्यांच्या नळ्या हाताला खरखरीत लागतात, रंग सुटला आहे, काहींवर प्रेमिकांची नावे कोरली आहेत. मधल्या मोठ्या मंडपाच्या जागी शाळेची सहल डबे उघडून बसली होती आणि शिक्षक मुलांना पुढे कुठे जायचे ते सांगत होते. तंबूंविषयी कोणी काही बोलले नाही. मुख्य फाटकातून बाहेर पडल्यावर ही जागा सहज दिसत नाही, पाटीही नीट नाही, म्हणून वाहनतळाजवळच्या झाडांमधून आत शिरावे. अवशेषांचे पाहणे आधी उरकावे आणि अंधार पडायच्या आत इकडे यावे, कारण पहारेकरी शिट्टी वाजवू लागला की थांबू देत नाही. शिराझ तिथून साठ किलोमीटर आहे; रात्री नऊलाही लिंबू पिळलेले फालुदे मिळते.